पहिला वाटा धबधब्याचा

व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला कोणतीही मोठी वस्तू दिसली, की प्रथम तिचे माप काढावेसे वाटते. नायगारा धबधब्यासमोर उभा राहिलो तेव्हा माझेही तेच झाले. उन्हाळ्यात दिवसा दर सेकंदाला सुमारे २८ लाख लिटर पाणी त्या कड्यांवरून खाली जाते, असे कळताच मी मनातल्या मनात त्या आकड्याला आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीने भागू लागलो. परंतु त्या दोन दिवसांत मला तिथे दुसराच एक हिशेब सापडला. तो १७ वर्षे आमच्याच घरात अडकून पडला होता. तो वाचकांपुढे मांडावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गेल्या जूनमध्ये आम्ही उभयता मुलाकडे न्यू जर्सीला गेलो होतो. चातुर्मासापूर्वी परतायचे, हे निघतानाच ठरले होते. मुलाने आठवड्याची रजा काढली आणि आम्हाला नायगारा दाखवायचा बेत केला. हॉटेलातील जेवणाची आमची अडचण त्याला ठाऊक होती. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य; शिवाय सूर्यास्तापूर्वी जेवण. म्हणून त्याने एक घरगाडीच भाड्याने घेतली. अमेरिकेत तिला आरव्ही म्हणतात. आपल्याकडच्या मिनीबसएवढी गाडी. तिच्यात दोन शेगड्या, शीतकपाट, घडी घालून ठेवायचे पलंग, आणि मागे उभे राहण्यापुरते स्नानगृह. सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी भाजणी, मेतकूट, खाकरे, मुगाची डाळ, तुपाची बरणी अशी मांडामांड करून त्या गाडीला आमच्या स्वयंपाकघराचे रूप दिले. जूनच्या अखेरीस तिकडे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. त्यामुळे सूर्यास्ताचा नियम पाळायला काही कष्टच पडले नाहीत. उलट, आठ वाजता लख्ख उन्हात बसून जेवताना आपण दुपारचेच जेवतो आहोत की काय, असे वाटे.

घरगाडीचे सारे गणित पाण्याचे असते. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी भांड्यांच्या व आंघोळीच्या सांडपाण्याची, तिसरी शौचालयाची. कोणती किती भरली, ते भिंतीवरचे बारीक दिवे दाखवतात. आमच्या गाडीत स्वच्छ पाणी होते सुमारे १५० लिटर, आणि माणसे पाच. सूनबाई नळ सोडून भांडी विसळू लागल्या, की दिवे भराभर उतरत. सौभाग्यवतींनी मात्र नळाला गाळणे बांधले, एका पातेल्यात पाणी घेतले आणि तेवढ्यात सगळी भांडी काढली. "आजी, तुला हे कुणी शिकवले?" असे नातवाने विचारले. "माझ्या सासूने," ती म्हणाली. ज्या मुलाला मी कधी दुकानातला गठ्ठा उचलू दिला नव्हता, तो रोज सकाळी हातमोजे घालून सांडपाण्याची नळी जोडत होता. मी मदतीला गेलो आणि झडप उलटी फिरवली. पुढे काय झाले, ते सांगण्यासारखे नाही. नातू मात्र त्या प्रसंगावर दोन दिवस हसत होता.

पेनसिल्व्हेनियाचे डोंगर ओलांडून, न्यूयॉर्क राज्यातील लांबट सरोवरांच्या काठाने रमतगमत आम्ही तिसऱ्या दिवशी ग्रँड आयलंडवर पोहोचलो. हे नायगारा नदीतलेच एक बेट. एका छावणीत गाडी उभी केली, वीज आणि पाण्याच्या जोडण्या केल्या, जेवणे आटोपली आणि रात्रीची रोषणाई पाहायला धबधब्याकडे निघालो.

नायगारा हा एक धबधबा नव्हे, ते तीन आहेत. ईरी सरोवरातून निघून ओंटारिओ सरोवराला मिळणारी ही नदी जेमतेम ५८ किलोमीटर लांबीची. पण अमेरिकेच्या पाच महासरोवरांपैकी चारांचे पाणी तिच्यातूनच पुढे जाते. वाटेत गोट आयलंड नावाचे बेट तिला दुभंगते. बेटाच्या एका अंगाला अमेरिकन धबधबा आणि त्याला लागून ब्रायडल व्हेल हा चिंचोळा धबधबा. दुसऱ्या अंगाला घोड्याच्या नालेसारखा वळलेला हॉर्सशू. सर्वांत विशाल तोच. सुमारे ५७ मीटर उंचीचा. दोन देशांची सरहद्द नदीतूनच जाते. हॉर्सशूचा बहुतेक भाग कॅनडात पडतो आणि एकूण पाण्याचा नऊ-दशांश हिस्सा त्याच्यावरूनच वाहतो. बाकीचे दोन सर्वस्वी अमेरिकेचे. गंमत अशी, की अमेरिकन धबधब्याचे तोंड कॅनडाकडे आहे. तो समोरून नीट पाहायचा, तर पलीकडच्या काठावर जावे लागते; रात्री त्याच्यावर पडणारा रंगीत प्रकाशही पलीकडूनच येतो. आपले रूप शेजाऱ्याच्या अंगणातूनच दिसावे, अशी ही रचना. मुलाने हे सांगितले तेव्हा मी हसलो. पण ते वाक्य मनात कुठेतरी रुतून बसले.

आम्ही कठड्याशी उभे असताना उद्यानातील एक वृद्ध कर्मचारी शेजारी आला. मुलाने त्याला काहीबाही विचारले. तो म्हणाला, "आता दहा वाजले, की पाणी हळूहळू कमी होईल." मला वाटले, माझे ऐकण्यात चुकले. पाणी कमी होईल म्हणजे काय? नदीला का कुणी तोटी बसवली आहे? तेव्हा त्याने जे सांगितले, ते ऐकून मी त्या रात्री जागाच राहिलो.

अमेरिका आणि कॅनडा यांनी १९५० साली एक करार केला. दोघांनाही या पाण्यापासून वीज हवी होती. धबधब्याच्या वरच्या बाजूला पाणी वळवून बोगद्यांतून व कालव्यांतून आपापल्या वीजघरांकडे न्यायचे, तर धबधबाच सुकून जाण्याची भीती. म्हणून आधी धबधब्याचा हिस्सा ठरला. १ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी ८ ते रात्री १० पर्यंत सेकंदाला किमान १ लाख घनफूट पाणी कड्यावरून गेलेच पाहिजे. शरद ऋतूत ही वेळ थोडी आखूड. आणि रात्री व हिवाळ्यात किमान ५० हजार घनफूट. धबधब्याचे हे देणे बाजूला काढल्यानंतर जे उरेल, ते दोन्ही देशांनी समान वाटून घ्यायचे. मोठा धबधबा कुणाच्या हद्दीत, कड्याची लांबी कुणाची किती, यांवर वाटा ठरत नाही. निम्मे त्यांचे, निम्मे यांचे. नदीवर झडपा आहेत, त्या सरकवून रोज हा हिशेब चुकता केला जातो.

वाचकहो, आपल्या जुन्या पेढ्यांवर वही घालताना प्रथम धर्मादायाची रक्कम बाजूला काढत, आणि मग भागीदारांचे वाटे मांडत. या दोन देशांनी तीच रीत एका नदीला लावली होती. पहिला वाटा धबधब्याचा. ज्याच्यामुळे सगळे आहे, त्याचे आधी, आपले नंतर.

घरगाडीतल्या अरुंद पलंगावर पडल्या पडल्या मला आमची वाटणी आठवली.

आमचे कापडाचे दुकान वडिलांनी सांगलीच्या बाजारपेठेत थाटले. दर्शनी रुंदी २० फूट. त्यांच्या पश्चात आम्ही दोघे भाऊ ते चालवीत होतो. गल्ल्यावर अण्णा, मी गिऱ्हाइकांत. मुले मोठी झाली, नवे विचार आले आणि १७ वर्षांपूर्वी वाटणी निघाली. माल, उधारी, गावाकडची जमीन, सारे चार दिवसांत वाटून झाले. अडले ते एका जिन्यावर. वरच्या गोदामाला जाणारा तो जिना साडेतीन फूट रुंद. तो ज्याच्या हिश्शात जाईल त्याचे दुकान तेवढे अरुंद होणार. पण गोदामाची वाटही त्याच्याच ताब्यात राहणार. दोघांनाही जिना हवा होता आणि दोघांनाही त्याची जागा सोडायची नव्हती. मध्यस्थ दमले. शब्दाला शब्द वाढला. अण्णा एक वाक्य बोलले, मी दोन बोललो. अखेर मधोमध भिंत उभी राहिली, जिना अण्णांकडे गेला आणि मी माझ्या बाजूला नवा लोखंडी जिना केला. त्या नव्या जिन्यानेही साडेतीन फूट जागा खाल्लीच.

तेव्हापासून आम्ही बोललो नाही. दरवर्षी क्षमावणीला दोन्ही दुकानांतून छापील पत्रे जात. अण्णांचे पत्र मला येई, माझे अण्णांना जाई. खाली दुकानाचा शिक्का. भिंतीच्या अल्याड-पल्याड दोन हात अंतरावर बसून आम्ही एकमेकांना टपालाने क्षमा मागत होतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. पाण्याने भिंत ओळखली नाही. दोन्ही दुकानांत ते सारख्याच उंचीपर्यंत चढले. पूर ओसरल्यावर आठवडाभर आम्ही चिखल उपसत होतो, भिजलेले तागे रस्त्यावर टाकत होतो. भिंतीपलीकडून अण्णांच्या खराट्याचा आवाज येई. मी ऐकत असे, आणि माझा खराटा चालवीत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, आपल्याला अकरा वाजता टेरापिन पॉइंटवर पोचायचे आहे." धबधबा पाहायला वेळ कशाला ठरवायची, असे मी विचारले, पण त्याने ऐकले न ऐकलेसे केले. सौभाग्यवतींनी पेटीतली चांगली साडी काढली होती. मला शंका यायला हवी होती.

नायगारा फॉल्स स्टेट पार्क १८८५ साली सर्वांसाठी खुले झाले. त्यापूर्वी काठाच्या जमिनी खाजगी होत्या. मालकांनी कुंपणे घातली होती आणि धबधबा नुसता पाहायचा, तरी पैसे मोजावे लागत. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आदींनी चळवळ केली, राज्याने जमीन विकत घेतली आणि कुंपणे निघाली. आज गाडी उभी करण्याचे पैसे पडतात. धबधबा पाहायला पडत नाहीत. गोट आयलंडवरून चालताना निकोला टेस्लाचा पुतळा लागतो. त्याच्या शोधांच्या बळावर इथली वीज १८९६ साली बफेलो शहरापर्यंत पोहोचली. नातू ते सारे उत्साहाने सांगत होता. माझे लक्ष मात्र वाढत जाणाऱ्या गाजेकडे होते.

टेरापिन पॉइंट म्हणजे हॉर्सशूची अगदी कड. हाताच्या अंतरावर हिरवेगार पाणी काचेसारखे वाकते आणि खाली धुक्यात नाहीसे होते. कठडा ओला, चेहरा ओला, चष्मा ओला. त्या जागी माणूस आपोआप गप्प होतो. मी गुपचूप हात जोडले. समोर, नालेच्या दुसऱ्या टोकाला, टेबल रॉक हा कॅनडाचा काठ. तिथली माणसे मुंगीएवढी दिसत होती.

मुलाचा फोन वाजला. त्याने तो माझ्या हाती दिला.

"काका, मी बोलतेय. समोर बघा. कठड्याजवळ पिवळी छत्री दिसते का?"

माझी पुतणी. ती कॅनडात हॅमिल्टनला असते, एवढे मला ऐकून ठाऊक होते. समोरच्या काठावर खरोखरच पिवळा ठिपका डावी-उजवीकडे हलत होता.

"दिसते बाळ," मी म्हणालो.

"काका, बाबा आलेत माझ्याकडे. माझ्या शेजारीच उभे आहेत. देऊ का फोन?"

मी सौभाग्यवतींकडे पाहिले. तिने नजर चुकवली नाही. मुलगा पाण्याकडे पाहत होता. मग कळले, की ही दोन चुलत भावंडे इतकी वर्षे एकमेकांशी बोलतच होती. दोन्ही जावाही बोलत होत्या. भिंतीच्या मागच्या दारातून लोणचे-पापड कधी थांबलेच नव्हते. न बोलणारे आम्ही दोघेच होतो. आमच्याजवळ कॅनडाचा व्हिसा नव्हता, अण्णांजवळ अमेरिकेचा. रेनबो ब्रिज समोर दिसत असून कुणालाच ओलांडता येणार नव्हता. मुलांना ते ठाऊक होते. त्यांनी आम्हाला निदान समोरासमोर उभे केले होते.

"दे," मी म्हणालो.

क्षणभर फोनमधून नुसती गाज ऐकू आली. एका कानात त्या काठाची, दुसऱ्या कानात या काठाची, पाणी तेच.

"बाळू?"

१७ वर्षांत मला कुणी बाळू म्हटले नव्हते. मी ६८ वर्षांचा आहे.

"हो, अण्णा."

"गुडघा कसा आहे तुझा?"

माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया त्यांना ठाऊक होती. "बरा आहे. तुमची साखर?"

"आहे आटोक्यात." ते थांबले. "पाणी बघितलेस? मला आपला पूर आठवला रे. तू पलीकडे चिखल काढत होतास. तुझ्या खराट्याचा आवाज येत होता मला. मी थोरला. मी हाक मारायला हवी होती."

मला पुष्कळ बोलायचे होते. इतकी वर्षे मनात तयार करून ठेवलेली उत्तरे होती, आणि त्यांतले प्रत्येक जिन्यापाशी सुरू होत होते. पण तोंडातून निघाले ते एवढेच, "मीही ऐकत होतो अण्णा. माझे चुकले. क्षमा करा."

"माझेही," ते म्हणाले. "आणि तो जिना…"

"जिन्याचे राहू द्या, अण्णा."

समोरची पिवळी छत्री आता हलत नव्हती. पुतणीच्या हातातून ती अण्णांनी घेतली असावी; कारण थोड्या वेळाने ती सरळ वर गेली आणि तशीच राहिली. मी माझा पांढरा रुमाल वर धरला. तो त्यांना धुक्यातून दिसला की नाही, कोण जाणे. ते म्हणाले, "दिसला."

दुपारी आम्ही 'मेड ऑफ द मिस्ट' या बोटीत बसलो. ही बोटसेवा प्रथम १८४६ साली सुरू झाली. अमेरिकेच्या बाजूने जाणाऱ्यांना निळे रेनकोट देतात, कॅनडाच्या बाजूने येणाऱ्यांना लाल. दोन्ही बोटी हॉर्सशूच्या पोटातल्या एकाच डोहात शिरतात. तिथे सरहद्दीची रेघ कुठे आहे, ते तुषारांत कुणालाही सांगता येणार नाही. अण्णाही त्याच वेळी बोटीत बसणार होते. त्यांची बोट जवळून गेली तेव्हा तिच्यावर शेकडो लाल रेनकोट होते, सगळे ओलेचिंब, सगळे हसत. त्यांत अण्णा कोण, ते मला ओळखू येईना. म्हणून मी सगळ्यांनाच हात केला. बहुतेक सगळ्यांनी उलट हात केला.

परतताना अमेरिकन धबधब्याच्या पायथ्याशी पडलेले अजस्र दगड दिसले. मुलाने त्यांची हकीकत सांगितली. १९६९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या लष्करी अभियंत्यांनी वर बांध घालून हा धबधबा पाच महिने कोरडा केला होता. कडा तपासायचा आणि दगडांचा तो ढिगारा काढता येईल का, ते पाहायचे, असा उद्देश होता. दोन्ही देशांनी त्यावर पुढे काही वर्षे विचार केला आणि दगड आहेत तिथेच राहू द्यावेत, असे ठरवले. जे कोसळले ते कोसळले. पाणी त्यांच्यावरून आजही वाहते आहे, आणि लोक ते पाहायला येतात. अण्णांना मी जे म्हटले होते, त्याचाच हा दाखला असे मला वाटले.

आम्ही गावी परतलो, पाठोपाठ अण्णाही आले. भिंत अजून आहे. कागदपत्रे जिथल्या तिथे आहेत, आणि ती बदलण्याची कुणालाच गरज वाटत नाही. दोन्ही जिने आहेत. यंदा क्षमावणीला मात्र छापील पत्र आले नाही. संध्याकाळी दुकान बंद करून अण्णा स्वतः आले. आणि दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी आम्ही दोघांनी आपापल्या नव्या वहीत पहिले पान एकसारखे घातले. त्यावर लिहिले आहे, 'घरखाते'. दरमहा दोन्ही दुकानांतून एक ठरलेली रक्कम प्रथम त्या खात्यात जाते. लग्नकार्य, आजारपण, मुलाबाळांचे जाणे-येणे, सगळ्यांचे एकत्र जेवण, हे त्यातून होते. त्यानंतर उरेल ते ज्याचे त्याचे.

रक्कम किती ठेवावी, यावर आमचे थोडे बोलणे झाले. अण्णांना जास्त हवी होती, मला थोडी कमी. अखेर त्यांचेच ऐकले. थोरल्या भावाशी घासाघीस करण्यात पूर्वी किती गोडी होती, ते मी विसरूनच गेलो होतो.